कोटाला शिवलेला पट्टा

आमच्या घरातला स्टोव्ह एके दिवशी सकाळी हवा धरेनासा झाला. अम्मीनं पंप मारला, ज्योत जराशी निळी झाली, फुरफुरली आणि बसली. तिनं पिन घालून बघितली, रॉकेल बघितलं, बर्नर उलटा करून ठोकला, आणि हे सगळं करताना तिचं तोंड चालूच होतं. शेवटी तिनं रॉकेल ओतायच्या भोकाचं टोपण काढलं, तर आतला रबरी वायसर गायब. वायसर झिजतो, फाटतो, पण आपल्या पायांनी कुठं चालत जात नाही. अम्मी टोपण हातात घेऊन पुढच्या खोलीत गेली. मी तिच्या मागोमाग, कारण असल्या वेळी काय होतं ते बघायला मला फार आवडायचं. अब्बा मांडीवर गिटार घेऊन बसले होते आणि कधी नव्हे ते खाली बघत होते.

"आज च्या पायजे का न्हाय?" अम्मीनं विचारलं.

"पायजे की."

"मग वायसर आणा हिकडं."

अब्बांनी गिटारीच्या वरच्या टोकाकडे बोट केलं. गिटारीचा चामडी पट्टा जिथं अडकवतात, त्या लोखंडी घुंडीवर आमच्या स्टोव्हचा वायसर घट्ट बसला होता, पट्ट्याच्या वरून. "आता न्हाय निघायचा त्यो," ते म्हणाले, "लई जीव खाऊन बसवलाय." त्या दिवशी आम्ही बिनचहाचेच राहिलो आणि दुपारी अम्मीनं बाजारातून नवा वायसर आणला. ती दोन दिवस अब्बांशी कामापुरतंच बोलली.

आम्ही तेव्हा उचगावात राहायचो. तीन खोल्या एकामागे एक. पुढची अब्बांची, मधली अम्मीची आणि मागचं स्वयंपाकघर. अब्बांना सगळे दस्तगीरभाई म्हणायचे. ते रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. त्यांच्या खोलीत सोल्डरचा डाग देताना निघणारा राळेचा धूर असायचा आणि उघड्या पोटाचे रेडिओ भिंतीला टेकून आपली पाळी कधी येते याची वाट बघत असायचे. एखादा दुरुस्त झाला की अब्बा गिटारीची वायर त्यात खुपसून वाजवून बघायचे. गिऱ्हाईकाला वाटायचं, माझ्या रेडिओची किती काळजी घेतात! खरं तर त्यांना वाजवायला निमित्त हवं असायचं. मधल्या खोलीत अम्मीचं शिलाई मशिन. त्यामुळे आमच्या घरात पुढून गिटार, मधून मशिन आणि मागून स्टोव्ह असे तीन आवाज सतत चालत, आणि त्यातला एक जरी थांबला तरी मला अभ्यास सोडून उठावंसं वाटायचं. अम्मी आणि अब्बा एकमेकांशी दखनी बोलायचे, पण भांडायचं असलं किंवा काही महत्त्वाचं सांगायचं असलं की दोघंही आपोआप मराठीवर येत. त्या भाषेत जोर येतो असं अम्मीचं मत होतं. रविवारी मटण असायचं. अम्मी पांढऱ्या रश्शासाठी नारळाचं दूध काढत बसायची आणि अब्बा तिला ऐकू जाईल अशा बेतानं तिच्या आवडीचं काहीतरी वाजवायचे. ती "मीठ बघा" असं ओरडायची. एवढीच तिची दाद.

गिटार मात्र आमची नव्हती. ती बापूंची होती. बापूंचा ऑर्केस्ट्रा होता. गणपतीत, उरुसाला, लग्नांत, पतसंस्थांच्या कार्यक्रमांत तो वाजायचा. स्वतः बापू हार्मोनियमवर बसायचे, आवाज असा की माइक नसता तरी चाललं असतं. गिटार त्यांनी परदेशातून आलेल्या कुणाकडून तरी घेतलेली, लाल, जड, आणि तिच्यावर त्यांचा जीव. पण तिची निगा अब्बाच राखत म्हणून ती आमच्या घरी असायची, पुढच्या खोलीत खुंटीवर, कापडी पिशवीत. मला ती आमचीच वाटत आली होती. अब्बांनाही तसंच वाटत असणार, नाहीतर पुढचं काही झालंच नसतं. आणि अम्मीनं ऑर्केस्ट्राच्या सगळ्या वादकांचे कोट शिवले होते, मरून रंगाचे, चकाकत्या कॉलरचे. त्या सहा-सात जणांचे खांदे, पाठी आणि पोटं तिला तोंडपाठ होती.

अब्बा पडले ते शिडीवरून. कुणाच्या तरी घरावर टीव्हीचा अँटेना बसवत होते. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, आणि आम्ही सगळं मिटलं असं समजलो. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी मात्र त्यांना एकट्याला सांगितलं होतं की डाव्या खांद्याची नस दुखावलीय, त्या बाजूनं वजन घेऊ नका, आणि बोटांतली ताकद परत येईलच असं सांगता येत नाही. अब्बा घरी येऊन म्हणाले, "डॉक्टर म्हणाला, व्हईल." अम्मीला कळलं ते मापाच्या टेपनं. नवे कोट शिवायचे होते म्हणून ती त्यांचं माप घेत होती. टेप तिनं डाव्या खांद्यावर ठेवली, मग उजव्या, मग परत डाव्या. मी दारात होते. तिनं टेप गळ्यात टाकली आणि दोन्ही तळवे अब्बांच्या दोन खांद्यांवर ठेवून नुसती उभी राहिली. डावा खांदा खाली उतरला होता आणि वाळत चालला होता. शर्टात ते दिसत नव्हतं. "कवापास्नं हाय हे?" तिनं विचारलं. अब्बा म्हणाले, "हात काढ, गुदगुल्या हुत्यात." अम्मी हसली नाही. त्या कोटाच्या डाव्या खांद्यात तिनं कापसाची जाड गादी घातली आणि अब्बा परत सरळ दिसू लागले.

गिटारीचा पट्टा डाव्या खांद्यावरून जातो. खांदाच उतरता असला तर पट्टा घसरतो. अब्बा वाजवता वाजवता खांदा उडवून तो वर घ्यायचे, आणि दर वेळच्या त्या हिसक्यानं पट्ट्याच्या टोकाचं भोक सैल होत गेलं. उचगावातच, आमच्या गल्लीतल्या मंडपात, एका गाण्याच्या ऐन मध्यावर पट्टा घुंडीवरून सुटला. गिटार खाली गेली. अब्बांनी गुडघा वर करून ती अडवली, म्हणून वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना ती कसरत वाटली. बापूंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. कार्यक्रम संपल्यावर ते आमच्या पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "दस्तगीरभाई, आपल्यात काय लपवाछपवी नसावी. हात दुखत आसल तर सांगा. इनायक हायच की, तुमीच तयार केलेला. आणि गिटार फुटली तर मला दुसरी मिळायची न्हाय." विनायक म्हणजे ऑर्केस्ट्राचा काँगो वाजवणारा. बँकेत नोकरी करायचा आणि दर रविवारी आमच्याकडे गिटार शिकायला येऊन पांढरा रस्सा पिऊन जायचा. अब्बा हसून म्हणाले, "पट्टा जुना झालाय बापू, खांदा न्हाय." बापू मलकापूरच्या कार्यक्रमापर्यंत थांबायला तयार झाले. मलकापूरला पतसंस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं, मोठा कार्यक्रम होता, आणि तिथं नीट झालं तर पुढंही अब्बाच वाजवणार असं ठरलं. नाही झालं तर गिटार विनायकाकडे जाणार. म्हणजे घरातून जाणार. हे कुणी मोठ्यानं म्हटलं नाही, पण त्या दिवसापासून आम्ही तिघंही येता-जाता खुंटीकडे बघायला लागलो.

तर वायसर हा त्या भीतीतून आलेला. आधी अब्बांनी गोटी सोड्याच्या बाटलीतलं रबर लावून बघितलं होतं, ते सैल पडलं. नवा वायसर कडक, घुंडीवर ओढताना चिरला. स्टोव्हमधला मात्र रॉकेल पिऊन मऊ झालेला, ताणला तसा ताणला गेला आणि पट्ट्यावर जाऊन बसला. मागच्या घुंडीसाठी त्यांनी दुसरा एक वायसर आठवडाभर रॉकेलच्या वाटीत भिजत घातला होता. पुढं काय होणार ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. रॉकेलात फुगलेलं रबर वाळलं की आवळतं. आठ-दहा दिवसांत ते दोन्ही वायसर असे काही आवळले की पक्कड घातल्याशिवाय निघायचे नाहीत. अब्बा खूश होते. गिटार उलटी धरून हलवून दाखवायचे.

माझी नात सना हल्ली गिटारच्या क्लासला जाते. क्लास आमच्याच राजारामपुरीत, आमच्या फ्लॅटपासून पुढच्या गल्लीत. मागच्या महिन्यात तिनं पट्ट्याची कुलपं मागवली, दोन चकचकीत धातूचे तुकडे. गिटारीला लावताना टक् असा आवाज होतो आणि मग कितीही उड्या मारा, पट्टा सुटत नाही. तिनं मला ओढून दाखवलं. मी पहिला प्रश्न विचारला, "काढता येतं का?" सना म्हणाली, "दादी, निघू नये म्हणून तर असतं ते!" मी म्हटलं, ते कळलं, पण काढता येतं का. तिनं मधलं बटण दाबलं आणि पट्टा हातात आला. मी तिला परत लावायला लावलं, परत काढायला लावलं. ती वैतागली. म्हातारपणी माणूस असंच काहीतरी धरून बसतं असं तिला वाटलं असेल, वाटू दे.

टोकं पक्की झाली तरी खांदा उतरलेलाच होता. वायसरानं पट्टा घुंडीवर राहिला, पण खांद्यावर राहीना. त्याचा इलाज अम्मीनं काढला. ती म्हणाली, "पट्टा कोटालाच शिवतो." अब्बांनी तिच्याकडे असं बघितलं की ही थट्टा आहे की खरं. ते खरं होतं. कोटाच्या डाव्या खांद्यावर, त्या गादीवरून, तिनं पट्टा ठेवला, चपला शिवणाऱ्याकडून आणलेला मेण लावलेला दोरा घेतला, आणि जाड सुईनं पट्टा, कापड, गादी, अस्तर सगळं एकत्र टाचून काढलं. पुढून तसंच पाठीवरूनही. सुई चामड्यातून ओढताना ती दात लावायची. मरून कापडावर मरून दोरा, कुणाला दिसायची सोय नाही. मला तेव्हा अम्मीचा एवढा अभिमान वाटला होता! डॉक्टरला जमलं नाही ते हिनं सुईनं केलं, असं मी मनात म्हणत होते. कोट घालायचा म्हणजे आता गिटारीसकट घालायचा. ते एकट्याचं काम नव्हतं. डावी बाही मी धरायची, अब्बांनी हात सारायचा, मग मान वाकवून डोकं पट्ट्याखालून काढायचं, मग उजवा हात. आम्ही मधल्या खोलीत त्याची तालीम चार वेळा केली. काढायची तालीम एकदाही केली नाही. घरी काढताना घाई नव्हती, दोघी दोन बाजूंनी असायचो, त्यामुळे ते ध्यानातच आलं नाही.

मलकापूरला मी गेले ती अब्बांना कोट घालायला. बापूंना सांगितलं, पोरीला गाव बघायचंय. अम्मीनं ज्वारीच्या भाकरी, अंड्याचं सुकं आणि हिरव्या मिरचीचा खर्डा बांधून दिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "गिटार पडत न्हाय, तू काळजी करू नगंस. फकस्त घालताना कुणी बघू नये." थंडीचे दिवस होते. मॅटाडोरमध्ये बापू पुढं, आम्ही मागं, आणि पिशवीत गिटारीभोवती गुंडाळलेला कोट अब्बांच्या मांडीवर. जेवायला थांबलो तेव्हा अब्बा उतरले नाहीत. "पोट भरून वाजीवता येत न्हाय," म्हणाले. मला माहीत होतं की ते त्यांचं खोटं आहे, कारण ते नेहमी पोटभर जेवूनच वाजवायचे.

कार्यक्रम दुपारी चारला शाळेच्या मैदानावर होता. कलाकारांसाठी दोन वर्ग उघडून दिले होते. आम्ही दोघं त्यातल्या एका वर्गात शिरलो, मी दार लोटलं आणि बाकाला पाठ लावून उभी राहिले. फळ्यावर कुणाचं तरी गणित अर्धं राहिलं होतं. डावी बाही, मान, उजवी बाही. कोट बसला. अब्बांनी खिडकीच्या काचेत बघितलं, दोन्ही खांदे सारखे. "कसा दिसतो?" मी म्हटलं, "लई भारी." आणि ते खरंच दिसत होते. आज इतक्या वर्षांनी मला त्यांचा चेहरा आठवायचा झाला तर त्या काचेतलाच आठवतो.

पहिली तीन गाणी झाली. मी मंडपाच्या कडेला उभी होते आणि माझे डोळे पट्ट्यावरून हलत नव्हते. पट्टा हलला नाही. अम्मीचा टाका तो. गिटार अशी काही त्यांच्या अंगावर बसली होती की मला वाटलं, झालं, जिंकलो आपण! पण आम्ही सगळ्यांनी पट्ट्याचाच विचार केला होता. चौथ्या गाण्याची सुरुवात एकट्या गिटारीवर होती. अब्बांचा उजवा हात फिरला आणि गिटारीतून सूर निघायच्या ऐवजी थड थड असा मुका आवाज आला. डाव्या हाताची बोटं तारांवर होती, पण दाबत नव्हती. त्यांनी परत सुरुवात केली. परत तेच. बापूंनी हार्मोनियमवर तो तुकडा स्वतः वाजवून त्यांना वाट करून दिली, गाणारी बाई थांबून राहिली, आणि अब्बा स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. तिसऱ्यांदाही आवाज निघाला नाही तेव्हा बापू वाकून म्हणाले, "दस्तगीरभाई, इनायकाकडं द्या." ते रागानं म्हणाले नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. बापू वाईट माणूस नव्हते.

विनायक काँगोवरून उठून दोन्ही हात पुढं करून आला. अब्बांनी उजवा हात पट्ट्याला घातला आणि पट्टा डोक्यावरून काढायला गेले. पट्ट्याबरोबर कोटाचा खांदा कानापर्यंत वर आला आणि तिथंच अडला. त्यांनी परत ओढलं. मग गिटारीच्या टोकाशी वायसर ओढून बघितला. तो कसला निघतोय! विनायकही ओढायला लागला. दोन माणसं एका गिटारीशी झटतायत आणि ती सुटत नाही, हे बघून पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, आंगाला चिकटली काय वो?" सगळा मंडप हसला. उद्घाटनाला आलेले पाहुणेही हसले. अब्बाही हसले, लोक हसतायत म्हणून.

मी स्टेजवर गेले. पंधरा वर्षांची पोर, डोक्यावरची ओढणी कुठं गेली याचं भान नाही. मी त्यांच्यासमोर उभी राहून कोटाचं वरचं बटण काढलं. अब्बांनी माझा हात धरला आणि इतक्या हळू आवाजात बोलले की बापूंनाही ऐकू गेलं नसेल. "शमा, हितं नगं. घरी जाऊन काढू."

"अब्बा, सगळी थांबल्यात," मी म्हटलं.

त्यांनी हात सोडला. मी उरलेली बटणं काढली, उजवी बाही ओढली, त्यांनी मान वाकवली, मी पट्टा डोक्यावरून घेतला, आणि डावी बाही काढताना त्यांचा हात अलगद धरून खाली सोडला. कोट आणि गिटार माझ्या हातात आले आणि अब्बा पांढऱ्या शर्टात उभे राहिले. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. डावा खांदा लोंबत होता, वाळलेला, हाड वर आलेलं, आणि स्टेजवरच्या दिव्यांच्या उजेडात सगळ्यांना तो दिसला. पुढच्या रांगेचं हसणं थांबलं. मागच्यांना दिसत नव्हतं, ते हसत राहिले. विनायक कोटाकडे बघून "हे बी घालू?" असं विचारत होता. बापू म्हणाले, "घाल की गा." त्यानं गिटारीसकट कोट घातला. अब्बांसाठी भरलेल्या गादीमुळे त्याचा चांगला डावा खांदा उजव्यापेक्षा चार बोटं वर आला. असा वाकडा दिसत त्यानं तो तुकडा वाजवला, आणि सुंदर वाजवला. अब्बा जिथं क्षणभर थांबायचे तिथं तोही थांबला. त्यांनीच तसं शिकवलेलं.

अब्बा पडद्यामागं शाळेच्या बाकावर बसले होते. मी जवळ बसले. त्यांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती, आणि तिथं काही दाबायचं नव्हतं म्हणून ती अगदी बरोबर हलत होती. मला रडू आलं. त्यांनी उजव्या हातानं माझी ओढणी नीट केली आणि म्हणाले, "गप. गाणं चाललंय."

परत येताना दिवस मावळला होता आणि गारठा पडला होता. कोट गिटारीपासून निघत नव्हता आणि गिटार आता विनायकाच्या ताब्यात होती, म्हणून दोन्ही तसंच मागच्या सीटवर उभं करून ठेवलं. वळणावर कोटाची रिकामी बाही हलायची. बापूंनी आपला मफलर काढून अब्बांच्या गळ्यात घातला. भाकरीचं गाठोडं जसं नेलं तसं परत आणलं. अम्मी दारातच होती. तिनं अब्बांकडे बघितलं, नुसता शर्ट, गळ्यात बापूंचा मफलर.

"कोट कुठाय?"

"गिटारीसंगं गेला," अब्बा म्हणाले आणि आत जाऊन हातपाय धुवायला लागले. अम्मीनं गाठोडं सोडलं, भाकरी तव्यावर गरम केल्या आणि अब्बांना स्वतः समोर बसून जेवू घातलं.

पुढच्या रविवारी विनायक आला, पिशवीत कोट आणि गिटार घेऊन. बापूंनी पट्टा उसवून आणायला सांगितलं होतं. तो दारातच उभा राहिला. "चाची, ब्लेड द्या, मी भाईर बसून काढतो," म्हणाला. अम्मी म्हणाली, "ब्लेड लागलं तर पट्टा कापंल. आण हिकडं." ती मधल्या खोलीत खिडकीपाशी बसली, मांडीवर कोट घेतला, आणि एकेक टाका सुईच्या टोकानं उचलून काढायला लागली. तिनं तो सुटू नये म्हणून घातला होता, दुहेरी, मेणाचा, मागं गाठी मारलेला, त्यामुळे तो आता तिचंही ऐकेना. चष्म्याच्या आत पाणी साचलं की ती थांबायची, पुसायची, परत खाली बघायची. अब्बा तिच्या शेजारी बसून उजव्या हातानं पट्टा ताणून धरत होते, तिला टाका दिसावा म्हणून. स्वयंपाकघरात नारळाचं दूध तसंच पडून होतं. बराच वेळ गेल्यावर अम्मी मान वर न करता म्हणाली, "मीच तुमास्नी बांधून घातलं. चार लोकांत."

अब्बा म्हणाले, "तू बांधलंस म्हणून तीन गाणी तरी वाजीवली की मी."

शेवटचा टाका निघाला. अब्बांनी पक्कड घेऊन स्वतः दोन्ही वायसर काढले. मागचा तुटला. पुढचा, आमच्या स्टोव्हचा, एका कडेला चिरला पण तुटला नाही. मग त्यांनी विनायकाला उभं केलं, त्याच्या खांद्यावर पट्टा ठेवला, त्याची लांबी एक भोक कमी केली, मागं सरून बघितलं. अम्मीनं तोवर दोन पातळ चामडी चकत्या कापल्या होत्या, एका बाजूनं चीर दिलेल्या, घुंडीवर बसणाऱ्या आणि नखानं ओढली की निघणाऱ्या. तिनं त्या लावल्या, काढल्या, परत लावल्या, आणि विनायकालाही काढून बघायला लावलं. तो जाताना अब्बांच्या पाया पडला. खुंटीवर कापडी पिशवी रिकामी राहिली. अम्मीनं ती धुवून तिच्यात चिंध्या भरल्या, पण खुंटीवरून हलवली नाही.

चिरलेला वायसर अब्बांनी परत स्टोव्हला लावला. नव्याला काय झालं होतं कुणास ठाऊक, त्यांनी तो काढून टाकला आणि हाच घातला. तो अर्थातच हवा सोडायचा. पंप मारावा, ज्योत चढावी, आणि चहाला उकळी यायच्या आत परत बसावी. तेव्हापासून सकाळी अब्बा स्टोव्हशेजारी पाटावर बसायचे. ज्योत उतरायला लागली की उजव्या हातानं पंप मारायचे, तीन मारून थांबायचे, परत दोन. त्याला ठेका असायचा. अम्मी चहा करायची, भाकऱ्या थापायची, आणि ते तिथंच. मी कितीदा म्हटलं, नवा वायसर आणतो की! अम्मी माझ्याकडे डोळे वटारायची. लग्न होऊन मी राजारामपुरीत आले, आमच्याकडे गॅस आला, मग अम्मीकडेही आला. तरी सकाळचा चहा त्या स्टोव्हवरच व्हायचा. रेडिओ दुरुस्तीला यायचे बंद झाले, बापू गेले, विनायक बदली होऊन दुसरीकडे गेला. पुढच्या खोलीतला आवाज थांबला, मशिनचा कमी झाला. स्टोव्हचा मात्र तेवढा राहिला, चढणारा आणि बसणारा.

अब्बा गेले तेव्हा तीन दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही. जेवण शेजारच्या घरांतून येत होतं. चौथ्या दिवशी पहाटेची नमाज झाल्यावर अम्मीनं स्टोव्ह काढला. मी म्हटलं गॅसवर करू, तिनं ऐकलं नाही. तिनं बर्नर तापवायला काकडा पेटवला, पंप मारला, ज्योत निळी झाली, आणि तिनं पातेलं ठेवलं. अब्बांचा पाट भिंतीला लावलेला तसाच होता. आम्ही दोघी समोरासमोर बसलो. पाणी कोमट झालं असेल नसेल, ज्योत उतरायला लागली. पिवळी झाली, फुरफुरली. आम्ही दोघी बघत होतो. अम्मीचा हात मांडीवर होता, माझाही. मग स्टोव्ह विझला, आणि तरी आम्ही तशाच बसून राहिलो, कारण ज्योत उतरल्यावर पंप मारायचं काम आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं.